तीन नंबरची खोली आणि रंभा म्हैस

"रागावलात का?"

किटली पुढे करण्याआधी ती हे विचारायची. मान जरा वाकडी, डोळे माझ्या तोंडावर आणि किटली पोटाशी घट्ट धरलेली. मी "हो" म्हटलं असतं तर दूध न घेताच परत फिरायची तयारी. मी म्हशीच्या पोटाखाली वाकलेली, कपाळावर घाम, कमरेत कळ. त्या अवस्थेत कुठल्या बाईचा चेहरा प्रसन्न दिसतो, तुम्हीच सांगा! पण माझी भुवई जरा वर गेली की तिचा दिवस गेलाच.

तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर विचारेल, "का सांगितलंत?" नाही सांगितलं तर, "माझं नाव घ्यायची लाज वाटते का?" त्यातल्या त्यात दुसरं परवडलं.

आमचं घर तळेगावजवळ वराळ्यात. पूर्वी चहूबाजूंनी भातखाचरं होती. आता डावीकडे एक उंच इमारत, उजवीकडे तिच्याहून उंच, आणि मध्ये आमचा पत्र्याचा गोठा, लिफ्टमध्ये दोन जाड माणसांच्या मध्ये सापडलेल्या पोरासारखा. ऊन आमच्याकडे दुपारी येतं, उभ्या उभ्या, आणि लगेच जातं. गोठ्यात तीन म्हशी : रंभा, मेनका, उर्वशी. नावं मी ठेवलेली. लग्नाआधी मी जत्रेच्या नाटकांत कामं करायचे. लग्नानंतर नाटक सुटलं, अप्सरा तेवढ्या राहिल्या. इमारतींतले लोक शेणाच्या वासाची तक्रार करायला खाली येतात आणि येताना पातेलं घेऊन येतात.

गोठ्यामागे भाड्याच्या तीन खोल्या आहेत. तिसरीत ती राहायची. मूळची आंदर मावळातली. आई लवकर गेली, बापाने दुसरं घर केलं, मग ही पोर मामाकडे, मामाकडून आत्याकडे, आत्याकडून चुलत्याकडे अशी फिरत मोठी झालेली. तळेगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात रबरी सील तपासायची. दिव्याखाली धरून प्रत्येक सील फिरवून बघायचं, केसाएवढी चीर दिसली तरी बाद. कामात फार हुशार. पंचाईत एवढीच, की घरी आल्यावरही तिचा तो दिवा विझायचा नाही. माणसंही ती तशीच फिरवून बघायची.

पहिल्या दिवाळीला तिने मला साडी आणली. पाया पडली. म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी देवी आहात." मी लगेच देवीसारखी बसले, हात वर केला, डोळे अर्धे मिटले. मला असली संधी कोण देतं! भाऊबीजेच्या सकाळी गडबडीत मी तिच्याआधी शेजारणीच्या पातेल्यात दूध ओतलं. ती तिथेच किटली उपडी ठेवून म्हणाली, "तुम्ही एक नंबरच्या नाटकी बाई आहात. सगळं खोटं."

"नाटकी तर हायेच मी," मी म्हटलं. "जत्रेत बक्षीस मिळालंय त्याचं."

दोन दिवस तिच्या खोलीचं दार बंद. तिसऱ्या दिवशी पुन्हा किटली, पुन्हा वाकडी मान. "रागावलात का?"

"नाही गं बाई," मी म्हणायचे. सगळेच म्हणतात. अशा माणसाला दुसरं काय सांगणार? तुमच्याही ओळखीत असेल कुणी असं. आपण "नाही, नाही" म्हणत राहतो आणि हळूहळू त्या गल्लीने जाणंच टाळतो.

मला टाळता येत नव्हतं, कारण मीही तिथेच बांधलेली. रंभा माझ्याशिवाय कुणाला दूध देत नाही. आमचे हे एकदा बसले होते धारेला. रंभाने त्यांना बादलीसकट भिंतीला नेऊन ठेवलं. तेव्हापासून लग्न, बारसं, मयत, सगळीकडे मी दोन धारांच्या मधल्या वेळात जाऊन येते. लोणावळ्याला कुठून कुठून लोक फिरायला येतात. मी इतक्या जवळची, पण भुशी धरणाच्या पायऱ्यांवर एकदाही बसलेली नाही. तिथे बसायचं, तर संध्याकाळच्या धारेला कोण बसणार?

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा देहूरोडला, लष्कराच्या डेपोत कामाला, शांत, बोलताना आधी घसा साफ करणारा. रविवारी तिला लोणावळ्याला घेऊन गेला. येताना माझ्यासाठी चिक्कीचा पुडा. ती आठवडाभर जमिनीवर चालत नव्हती. दर घासाला त्याला फोन. तोही उचलायचा, बिचारा.

डेपोत आत जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. हे त्याने तिला सांगितलेलं, तिने ऐकलेलं, आम्हा सगळ्यांना पाठ झालेलं. तरी एका सकाळी तिने फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, बंद. मी धार काढत होते, तिचे शब्द तेवढे कानावर येत होते. आधी काळजी, मग रडणं, मग शिव्या. दुपारपर्यंत तिने त्याच्या आईला फोन करून लग्न मोडलं होतं आणि साखरपुड्याची साडी रिक्षावाल्याच्या हाती परत धाडली होती. संध्याकाळी त्याने गेटवरून मोबाइल घेतला आणि चालू केला, तेव्हा त्याला कळलं की आपण हिला सोडून गेलो आहोत!

मला आधी हसू आलं, खरंच. नंतर तिच्याकडे बघितलं आणि ते गिळलं. ती उंबऱ्यावर बसून म्हणत होती, "मला माहीत होतं मावशी, फोन जमा असणार. डोक्याला माहीत होतं. पण पोटात असं काही होतं ना, की तो गेलाच. मग मी म्हटलं, त्याने जायच्या आधी आपणच जाऊ." मग म्हणाली, "मी आतच अडकलेय. दार कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही."

त्यानंतर ती खोलीतून बाहेर येईना. कामावरही जाईना. मी तिला हाताला धरून तळेगावात मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी वेळ घेतला, थायरॉइड वगैरे तपासून घेतलं, पुष्कळ प्रश्न विचारले. महिन्याच्या पाळीआधीचे दिवस जास्त वाईट जातात का, हेही विचारलं. जातात, ती म्हणाली. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. म्हणाल्या, हा स्वभावाचा खोडसाळपणा नाही आणि वेडही नाही. जवळची माणसं सुटतील ही भीती या मुलीला इतरांपेक्षा फार मोठ्याने ऐकू येते. उपचार आहेत, वेळ लागतो, पण माणसं सावरतात.

आता मधली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या मुलीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला, अंथरुणावरून उठू नको म्हणाले. ती नाशिकला. म्हणजे मीच सव्वा महिना तिकडे जायला हवं. आणि रंभा? पेंड विकायला येणारा माणूस म्हणाला, "मावशी, एक इंजेक्शन टोचा. म्हैस कुणाच्याबी हाताला पान्हावतीया." मी त्याला गोठ्याबाहेर काढला. त्या इंजेक्शनाला बंदी आहे, आणि जनावराचं पुढे वाटोळं होतं ते वेगळंच. पण तीन नंबरच्या खोलीतून तिने ते ऐकलं होतं.

आणि डॉक्टरीणबाईंसमोर, सगळं झाल्यावर, तिने विचारलं, "मॅडम, म्हशीला पान्हा सुटायचं इंजेक्शन असतं. माणसाला असतं का? मला टोचा. मला पण कुणावर तरी विश्वास बसू दे."

मी पदर तोंडाला लावला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही फार नेमकं विचारलंत. ते ऑक्सिटोसिन. ते म्हशीत असतं तसं आपल्यातही असतं. आई बाळाला पाजते तेव्हा पाझरतं, जवळचं माणूस कुशीत घेतं तेव्हा पाझरतं. पण ते काही विश्वासाचं औषध नाही. ज्याला लहानपणी जवळच्यांकडूनच चटके बसलेत, त्याच्या शरीरात जवळीक म्हटली की धोक्याची घंटा वाजू शकते. अशा माणसाला ते बाहेरून दिलं, तर कधी कधी संशय उलटा वाढतो."

"म्हणजे माझा पान्हाच उलटा," ती म्हणाली.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "मावशी, तिला खोटा धीर देऊ नका. जे सांगाल ते खरं सांगा आणि जी वेळ द्याल ती पाळा. बाकीचं मी आणि ती बघू."

खरं सांगायचं म्हणजे नाशिकचं सांगायचं. परतीच्या रिक्षात सांगितलं. ती बाहेर बघू लागली. तळेगाव स्टेशन गेलं, चौक गेला. मग म्हणाली, "तुम्ही गेलात की मी राहणार नाही." तिचा त्यात काय अर्थ होता ते मी विचारलं नाही, पण समजले. तिकडे माझी पोर अंथरुणाला खिळलेली, इकडे ही. रिक्षा खड्ड्यातून चालली होती आणि मला वाटत होतं, इथेच उतरावं आणि कुणालाच न सांगता भलतीकडे चालू पडावं. म्हशींनाही न सांगता.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि तिचं ते वाक्य त्यांच्या कानावर घातलं. मी नसताना दर आठवड्याला तिने त्यांच्याकडे जायचं ठरलं, आमच्या ह्यांनी घेऊन जायचं ठरलं. राहिली रंभा.

त्यावर सासूबाईंची एक जुनी युक्ती होती. धार काढणारी बाई गावाला गेली, की तिची घामाची साडी दुसरीने नेसायची. म्हैस हुंगते, वास ओळखीचा लागला की पान्हावते. मी माझी धारेची साडी काढून तिच्या हातात दिली. "तू बस."

"मी?"

"मग काय इमारतीतल्या जोशीणबाईंना बसवू?"

ती कुर्त्यावरूनच साडी नेसून आली. तिच्या अंगावर ती दुप्पट झाली होती, निऱ्या पोटाशी गोळा झालेल्या. रंभाने मान वळवली, पदर हुंगला, नाकातून मोठा श्वास सोडला. मी दूर उभी राहून सांगत होते, "कास आधी कोमट पाण्यानं धू. अंगठा आत घाल. ओढू नकोस, दाब." आणि बादलीत पहिली धार वाजली. ती माझ्याकडे बघून ओरडली, "मावशी! हिने मला घेतलं!"

आता इथे शहाण्या बाईने गप्प बसावं की नाही? माझ्या जिभेला कुठलं! म्हटलं, "तुला न्हाई गं, माझ्या साडीला घेतलं." झालं. एक अख्खा दिवस अबोला. पण संध्याकाळी धारेला साडी नेसून हजर.

मी नाशिकला गेले. ठरलेलं असं : संध्याकाळची धार झाली की तिने फोन करायचा, मी उचलायचाच. सुरुवातीला छान चाललं, ती कामावरही पुन्हा जाऊ लागली. दूध किती निघालं, मेनकेने कुणाला शिंग दाखवलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. मग फोन दुपारीही येऊ लागला. मग सकाळी, मग मी मुलीला चमच्याने पेज भरवत असताना. "तुम्ही आता तिकडच्याच झालात ना? रागावलात का? आवाज वेगळा येतोय." मी म्हणत होते, "नाही गं बाई."

आणि एका सकाळी मुलीला कळा सुरू झाल्या. आम्ही दवाखान्यात, ती आत, मी बाहेर बाकावर. तेवढ्यात आमच्या ह्यांचा व्हिडिओ फोन. चेहरा दिसेना, नुसती नाकपुडी. "अगं, रंभा त्या टावरच्या पोहायच्या तलावात शिरलीया! लय गर्दी झालीया!"

ह्यांनी मोबाइल फिरवला. मंडळी, मी जत्रेत राणी झाले, दासी झाले, एकदा तर सिंहसुद्धा झाले, पण असा प्रवेश मला कुणी दिला नाही. निळंशार पाणी, पांढऱ्या आरामखुर्च्या, आणि मधोमध रंभा, गळ्यापर्यंत बुडालेली, डोळे मिटलेले. तिला जन्मात एवढं पाणी मिळालं नव्हतं. काठावर अर्ध्या चड्डीतले चेअरमन ओरडत होते, "पोहण्याच्या पोशाखाशिवाय आत यायला मनाई आहे!" कुणीतरी मागून म्हणालं, "मग म्हशीला दंड लावा की!" वॉचमन काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता.

मग पडद्यावर ती आली. डोळे सुजलेले. "मीच सोडलं तिला. बांधलेली बघवेना मला. रात्रंदिवस त्या खुंट्याला. मावशी, तुम्ही या. ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. तुम्ही आलात तरच बाहेर येईल."

आतून माझ्या मुलीचं कण्हणं ऐकू आलं. समोर मोबाइलमध्ये हिचा चेहरा. मी मध्ये, बाकावर. दोन्हीकडून दावं ताणलेलं.

"रागावलात का?" तिने विचारलं.

आणि या वेळी माझ्या तोंडून "नाही" निघेना.

"व्हय," मी म्हटलं. "रागावलेय. लय रागावलेय."

तिचा चेहरा एकदम कोरा झाला. असा कोरा चेहरा मी कधी पाहिला नाही. "म्हणजे सोडणार मला," ती हळूच म्हणाली.

"सोडणार न्हाई. रागावलेय आणि सोडणार न्हाई. दोन्ही. आणि मी आत्ता येणार बी न्हाई, माझी पोर आत ओरडतीया. संध्याकाळी धार झाली की फोन कर. तेव्हाही मी रागावलेलीच असेन. पण फोन उचलेन."

तिच्या मागे चेअरमन, वॉचमन, हसणारी पोरं.

"मग आता मी काय करू?"

"उतर पाण्यात."

"साडी घरी आहे. मी कुर्त्यात आहे. ती मला ओळखणार नाही."

"साडी नको. हाये तशी उतर."

ह्यांनी मोबाइल धरून ठेवला, तलाव सारखा वरखाली होत होता. लहान मुलांसाठी उतरत्या पायऱ्या होत्या तिथून ती आत गेली. घोट्याएवढं पाणी, गुडघ्याएवढं, छातीएवढं. रंभाने डोळे उघडले. ही तिच्याशी काहीतरी बोलत होती, इतकं हळू की काठावरच्या कुणाला ऐकू आलं नाही, मला तर नाहीच. मग तिने पाण्याखालून रंभाच्या गळ्याखाली हात घातला. रंभाने तिच्या मानेशी नाक नेलं. कारखान्याच्या रबराचा वास असेल, साबणाचा असेल, भीतीचाही असेल. माझा नक्कीच नव्हता. बराच वेळ दोघी तशाच उभ्या होत्या. आणि मग रंभा वळली आणि तिच्या मागोमाग पायऱ्या चढून वर आली, दाव्याशिवाय. काठावर आल्यावर शेपूट झटकून तिने चेअरमनना न्हाऊ घातलं.

इकडे मला नात झाली.

संध्याकाळी फोन आला. मी उचलला.

"अजून रागावलाय?"

"हो. पण सकाळपेक्षा कमी. नात झाली."

मग, "रंभाने आज दूध कमी दिलं. ते औषध घातलेलं पाणी प्यायली असेल. उद्या देईल." आणि तिने स्वतःहून फोन ठेवला. त्यानंतर दुपारचे फोन थांबले असं म्हणणार नाही. कमी झाले.

मी परत आले तर धारेची साडी धुऊन, घडी करून दांडीवर. ती कुर्त्यातच धारेला बसायची आणि रंभा तोंड फिरवून बघतही नव्हती. माझ्याशी मात्र आठ दिवस बोलली नाही. तलावाच्या सफाईचे पैसे ह्यांनी भरले, चेअरमनसाहेबांना मी तूप नेऊन दिलं, आणि ही धार काढून बादली माझ्या दारात ठेवून निघून जायची. मीही विचारायला गेले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, सगळं सरळ रेषेत होत नाही. पुढेही दोनदा मोठं बिनसलं. देवीची मी पुन्हा चेटकीण झाले. पण दोन्ही वेळा ती दार आपटून गेली आणि दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळेला आली.

या वर्षी ती पुण्याला गेली. तिथे एके ठिकाणी तिच्यासारख्या माणसांचा गट आहे, आठवड्यातून दोनदा बसतात, उपचार चालतात, आणि कामही तिने त्याच बाजूला शोधलं. हे तिचं तिने ठरवलं. मला नुसतं येऊन सांगितलं. मी "जा" म्हटलं आणि आत जाऊन उगाच भांडी आपटली.

निघायच्या दिवशी टेम्पोत गादी, पंखा, बादली, स्टोव्ह चढला. दुपार होती, ऊन नुकतंच गोठ्यात उतरलं होतं. ती रंभासमोर जाऊन उभी राहिली. कुर्त्याची बाही तिने कोपरापर्यंत वर सारली. इतक्या वर्षांत तो हात मी उन्हात पाहिला नव्हता. आडव्या जुन्या रेघा, शेजारी शेजारी, फिक्या पडलेल्या. मी बघितलं हे तिने बघितलं, पण बाही खाली ओढली नाही. रंभा मनगटापासून वरपर्यंत चाटू लागली. म्हैस घामातल्या मिठासाठी चाटते, मला ठाऊक आहे, बाकी काही मी म्हणत नाही. त्या खरखरीत जिभेने कातडी लाल झाली, तरी ती हात पुढे धरून उभी. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला.

"पुरे गं," ती हसून म्हणाली आणि हात काढून घेतला.

टेम्पो दोन इमारतींच्या मधल्या बोळातून मागे मागे घेत बाहेर पडला. रंभाची जीभ अजून बाहेरच होती, ती थोडा वेळ नुसती हवा चाटत राहिली.